घरोघरी राखलेले पुराण

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. असे असूनही त्या काळातील एकही मुद्रित प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही.

मग सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला कसा? भाविकांनी तो हाताने उतरून घेतला व जपला म्हणून. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाना यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा रोमन लिपीत छापला. त्याची एक देवनागरी प्रत विल्यम मार्सडेन या विद्वानाच्या खाजगी संग्रहात होती. तो संग्रह १८३५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला मिळाला आणि विसाव्या शतकात जस्टिन अ‍ॅबट यांनी त्या प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. छापखान्याने जे दिले ते काळाने नेले. ज्यांनी जपले त्यांच्याकडे ते उरले.

आमच्या मते या इतिहासाचा बोध आपल्या घरातील फडताळापाशी येऊन थांबतो. आजोबांचे प्रार्थनापुस्तक वा गायनाची वही आपण कशी ठेवतो? जुनी शाई लोहयुक्त असेल तर ती कागद कुरतडते. तिला पाण्याचा स्पर्शही नको. कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी, वाळवी व कसर यांना आमंत्रण लागत नाही. म्हणून पुस्तके भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत, पावसाळ्यानंतर सावलीत उघडून वारा द्यावा आणि मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कदापि लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ व तलम जपानी कागद हा सौम्य उपाय होय. परंतु शाईने लिहिलेल्या पानावर तोही जाणकाराविना करू नये.

बांधणीकाराला एवढे मात्र निक्षून सांगावे, की कडा कापू नयेत व कोरी पाने टाकू नयेत. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी पुष्कळदा त्याच पानांवर असतात. छापील मजकूर कदाचित अन्यत्र मिळेल. पूर्वजांच्या हातची ती ओळ दुसऱ्या कोणत्याही प्रतीत मिळणार नाही.