‘मोफत’ भेटवस्तूंचा इतिहास : इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दूरस्थ खरेदीच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई-आग्रा मार्गावरील चांदवड हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. होळकरकालीन रंगमहाल आणि रेणुकादेवीचे मंदिर यांच्याबरोबरच येथील टाकसाळीमुळेही या गावाचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. टाकसाळीतून निघणारा रुपया ‘चांदोरी’ म्हणून ओळखला जाई. त्या काळी नाण्यावरील छापापेक्षा त्यातील चांदीचा कस मोलाचा मानला जात असे. सराफ नाणे पारखी आणि त्यानुसार बट्टा ठरवी. छापलेली किंमत व खरी किंमत यांत अंतर असू शकते, ही जाणीव त्या काळच्या व्यवहारात सर्वमान्य होती.

आज भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच किंवा संगणक घरबसल्या मागविता येतो. पडद्यावर वस्तूच्या चित्राशेजारी ‘सोबत २,९९९ रुपयांचा हेडफोन मोफत’ अशी ओळ झळकते. येथेही छाप आहे, परंतु तो पारखणारा सराफ मध्ये उरलेला नाही. प्रस्तुत निबंधात अशा भेटयोजनांचा उगम, त्यांतील फसवणुकीचे स्वरूप आणि तिच्या प्रतिबंधासाठी झालेल्या कायद्यांचा विकास यांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका : समोरासमोरचा बाजार

व्यापाऱ्याकडून होणाऱ्या फसवणुकीचा विचार भारतात प्राचीन काळापासून आढळतो. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील कंटकशोधन या अधिकरणात हलका माल उत्तम म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यास दंड सांगितला आहे. मात्र वर काही फुकट देणे हा दोष मानला जात नसे. भाजीचे वजन झाल्यावर वर टाकलेली मूठभर कोथिंबीर ही आजही आठवडे बाजारातील ओळखीची गोष्ट आहे. ही कोथिंबीर सौदा ठरल्यानंतर दिली जाते, सौदा घडवून आणण्यासाठी आधी जाहीर केली जात नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. शिवाय ती गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर पिशवीत पडते. भेटीचे रूपांतर आमिषात होते ते या दोन्ही गोष्टी बदलल्यावर, म्हणजे भेट आधी जाहीर होऊ लागल्यावर आणि विक्रेता नजरेआड गेल्यावर.

टपालाने येणारा ट्रान्झिस्टर

विक्रेता नजरेआड जाण्याचा पहिला मोठा टप्पा टपाल खात्यामुळे आला. वस्तू हाती घेताना पोस्टमनकडे पैसे भरण्याची व्ही.पी.पी. पद्धत भारतात १८७७ मध्ये सुरू झाली. या सोयीमुळे घड्याळे, पुस्तके, औषधे आणि पुढे रेडिओ लहान गावांपर्यंत पोहोचू लागले. तथापि, पार्सल उघडण्यापूर्वीच पैसे द्यावे लागत असल्याने या पद्धतीत लबाडीलाही वाव होता.

१९७० व १९८० च्या दशकांत भारतीय भाषांतील नियतकालिकांत कोडे सोडवून ट्रान्झिस्टर किंवा घड्याळ मिळविण्याच्या जाहिराती सर्रास येत. कोडे इतके सोपे असे की उत्तर चुकणे कठीण. उत्तर पाठविणाऱ्यास बक्षीस लागल्याचे पत्र येई. त्यासाठी केवळ ‘बांधणी व टपालखर्च’ भरावा लागेल, असे त्यात म्हटलेले असे. प्रत्यक्षात त्या खर्चातच वस्तूची पूर्ण किंमत आणि नफा वसूल होत असे. बक्षीस म्हणून आलेली वस्तू बहुधा खेळण्याच्या दर्जाची निघे. आज ऑनलाइन खरेदीनंतर घरी येणारे स्क्रॅच कार्ड आणि बक्षिसाआधी ‘कर’ भरण्याची मागणी करणारा दूरध्वनी हे याच पद्धतीचे नवे रूप होय.

दुकानातील भेटयोजना आणि हूवर प्रकरण

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणीचे युग सुरू झाले. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने कंपन्यांमधील स्पर्धा तीव्र झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अकाई या नाममुद्रेच्या संचांसाठी राबविलेल्या, जुना संच देऊन नवा घेण्याच्या योजनांनी बाजाराचे वळणच बदलले. संचाच्या गुणवत्तेपेक्षा ‘सोबत काय मिळते’ हा प्रश्न ग्राहकाच्या तोंडी येऊ लागला.

भेटवस्तूच मुख्य आकर्षण ठरल्यास काय घडते याचे जगप्रसिद्ध उदाहरण ब्रिटनमधील हूवर कंपनीचे आहे. १९९२ मध्ये १०० पौंडांहून अधिक खरेदी करणाऱ्यास या कंपनीने प्रथम युरोपची व नंतर अमेरिकेची दोन परतीची विमान तिकिटे देऊ केली. अर्ज, मुदती आणि अटी यांच्या गुंत्यात बहुसंख्य ग्राहक मध्येच थकतील, असे योजनाकारांचे गणित होते. लोकांनी मात्र केवळ तिकिटासाठी व्हॅक्यूम क्लीनर खरेदी केले. कंपनीस सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला, न्यायालयीन वाद अनेक वर्षे चालले आणि १९९५ मध्ये कंपनीचा युरोपातील व्यवसाय विकला गेला. ग्राहकाने भेटीपर्यंत पोहोचू नये यावरच योजनेचा नफा अवलंबून असू शकतो, हे या प्रकरणाने उघड केले.

कायद्याचा विकास

भारतात या प्रश्नाकडे कायद्याने प्रथम नेमकेपणाने पाहिले ते १९८४ मध्ये. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथांचा समावेश नव्हता. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने १९७८ मध्ये या उणिवेकडे लक्ष वेधले. त्यानुसार १९८४ मध्ये कलम ३६-अ समाविष्ट झाले. देऊ केलेली भेट द्यावयाचा हेतूच नसणे, तसेच तिची किंमत एकूण व्यवहाराच्या रकमेत पूर्णतः वा अंशतः अंतर्भूत असताना ती मोफत असल्याचा आभास निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी अनुचित प्रथा ठरल्या. याचा अर्थ, ऑनलाइन बाजार अवतरण्यापूर्वीच त्यातील प्रमुख फसवणुकीची व्याख्या कायद्यात आलेली होती.

महाराष्ट्रात याच सुमारास ग्राहक चळवळ आकारास येत होती. मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने वरील व्याख्या स्वीकारली आणि जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय केली. तरीही एक अडचण कायम राहिली. तक्रार सर्वसाधारणपणे विक्रेत्याचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले ते ठिकाण पाहून करावी लागे. दूरच्या महानगरातील विक्रेत्याशी व्यवहार झाल्यास कारण नेमके कोठे घडले, यावरच वाद होई.

ऑनलाइन बाजार आणि नवी तरतूद

फ्लिपकार्टची स्थापना २००७ मध्ये झाली, तर ॲमेझॉनचे भारतीय संकेतस्थळ २०१३ मध्ये सुरू झाले. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने भरविलेल्या महाविक्रीत वस्तू अल्पावधीत संपल्या आणि किमतींविषयी तक्रारी झाल्या. त्याबद्दल संस्थापकांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. सणासुदीच्या ऑनलाइन विक्रीचे युग येथून स्थिरावले.

या बाजारातील भेटीचे अर्थकारण एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एक भ्रमणध्वनी १५,००० रुपयांस, ‘२,९९९ रुपयांच्या’ हेडफोनसह विकला जातो. तोच भ्रमणध्वनी अन्यत्र भेटीविना १४,२०० रुपयांस मिळतो आणि तसाच हेडफोन सुटा घेतल्यास ६०० रुपयांस मिळतो. म्हणजे ग्राहकाने ६०० रुपयांच्या वस्तूसाठी ८०० रुपये मोजले, तरी २,९९९ रुपये वाचल्याचे समाधान त्यास लाभले. छापील कमाल किंमत ही विक्रीची वरची मर्यादा असते. ती वस्तूचे खरे मूल्य दर्शवितेच असे नाही. करप्रशासनाची भूमिकाही याच दिशेची आहे. ‘एकावर एक मोफत’ हा एकाच किमतीत झालेला दोन वस्तूंचा पुरवठा होय, असे वस्तू व सेवा कराच्या ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २० जुलै २०२० रोजी अमलात आला. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. चांदवडच्या ग्राहकास बेंगळुरू वा दिल्लीकडे न पाहता सुमारे ६५ किलोमीटरवरील नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जाता येणे, हा या प्रदीर्घ वाटचालीतील महत्त्वाचा बदल म्हणावा लागेल. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्कही नाही. याच अधिनियमान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये नापतोल या विक्री कंपनीस दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल १० लाख रुपये दंड केला.

९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘मोफत’ या शब्दाच्या वापरावर स्वतंत्र बंधने घातली. प्रतिसाद देण्याचा अपरिहार्य खर्च किंवा वस्तू घरपोच मिळविण्याचा खर्च वगळता अन्य रक्कम घेतली जात असल्यास वस्तू मोफत म्हणता येत नाही. जाहिरातीतील दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत अटींचा खुलासा असावा, असेही त्यांत म्हटले आहे. ‘मोफत’ हा शब्द ठळक मराठीत आणि अटी बारीक इंग्रजीत, या प्रथेस त्यामुळे आधार उरलेला नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू खरेदीच्या यादीत घुसविणे यांसारख्या तेरा क्लृप्त्याही निषिद्ध ठरविण्यात आल्या.

पुराव्याचा प्रश्न

असे असूनही भेटवस्तूविषयी दाद मागणे ग्राहकास जड जाते. एक तर नुकसान लहान असते. सहाशे रुपयांच्या हेडफोनसाठी नाशिकच्या खेपा घालणे कोणासही परवडत नाही. दुसरे कारण इतिहासाच्या अभ्यासकास विशेष परिचित आहे. १९८० मधील ट्रान्झिस्टरची जाहिरात ग्रंथालयातील जुन्या अंकात आजही सापडू शकते. पडद्यावरील योजना मात्र रात्रीतून बदलते आणि काल काय लिहिले होते याचा मागमूस राहत नाही. देयकावर भेटवस्तूचा उल्लेख नसल्यास ती देऊ केली होती हेच सिद्ध करणे कठीण होते. मुख्य वस्तू परत करताना भेटीचे काय होणार आणि भेटीची हमी कोण देणार, हे प्रश्नही त्यामुळेच अनुत्तरित राहतात. म्हणून योजनेचे पडद्यावरील चित्र दिनांकासह जपून ठेवणे आणि भेटवस्तू देयकात लिहून घेणे, या दोन साध्या सवयी कायद्याच्या अनेक कलमांइतक्याच उपयुक्त ठरतात.

समारोप

व्ही.पी.पी.च्या पार्सलापासून भ्रमणध्वनीच्या पडद्यापर्यंत साधने बदलली, परंतु आमिषाची रचना फारशी बदललेली नाही. भेटीची किंमत ग्राहकच देत असतो, हे तत्त्व भारतीय कायद्याने १९८४ मध्येच मान्य केले. त्यानंतरचा इतिहास हा प्रामुख्याने दाद मागण्याचे ठिकाण आणि अटींची भाषा ग्राहकाच्या जवळ आणण्याचा इतिहास आहे. ते अंतर कागदावर बरेच कमी झाले आहे. पुराव्याचे अंतर मात्र अजून मिटलेले नाही. नाणे पारखूनच पदरात घेण्याची सराफाची शिस्त आता ग्राहकाने स्वतः अंगी बाणविणे आवश्यक झाले आहे.