अडतीस वर्षे निनावी राहिलेला द्वारपाल
साखरेच्या विघटनातून पेशीत पायरुव्हेट तयार होते आणि ऊर्जेसाठी ते मायटोकाँड्रियात शिरते. त्याच्या आतल्या पटलातून ते आपोआप झिरपत असावे, असा अनेकांचा समज होता. १९७४ मध्ये ब्रिस्टलच्या हालेस्ट्रॅप व डेंटन यांनी उंदरांच्या यकृतातील मायटोकाँड्रियांवर एक विशिष्ट रसायन वापरून हा प्रवेशच रोखला. रोखता येते, म्हणजे तेथे स्वतंत्र वाहक असणार! तरीही ते प्रथिन कोणते, हे २०१२ पर्यंत अज्ञातच राहिले. त्या वर्षी युटा व जिनिव्हा येथील दोन गटांनी, मुख्यतः यीस्टच्या साहाय्याने, त्याची जनुके ओळखली. एव्हाना मानवी जनुकसंच वाचून झाला होता, हे विशेष. रक्तात लॅक्टिक आम्ल साचणाऱ्या काही मुलांच्या आजाराचे कारणही तेव्हाच उलगडले: त्यांच्यात यांपैकीच एक जनुक बिघडलेले होते.