कपडे वाळवायचा ड्रायर घेताय? आधी विजेचं हे गणित करून बघा

जुलैमध्ये मुंबई, ठाणे किंवा कोकणात हवेतली आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि त्यांना कुबट वास येतो. मग ड्रायर घ्यायचा विचार सुरू होतो. दुकानात क्षमता, प्रोग्रॅम आणि ऑफर यांची भरपूर माहिती मिळते. एका फेरीला वीज किती लागते, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.

ड्रायर म्हणजे नेमकं काय?

सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या टबला आपण सर्रास 'ड्रायर' म्हणतो. प्रत्यक्षात तो कपडे जोरात फिरवून पिळतो, पूर्ण वाळवत नाही. कपडे कपाटात ठेवण्याइतके कोरडे करणाऱ्या यंत्राला टम्बल ड्रायर म्हणतात. त्यात फिरत्या ड्रममधून गरम हवा खेळवली जाते.

वीज कुठे खर्च होते?

कपड्यांतल्या १ लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट ऊर्जा लागते. त्यामुळे ड्रायरमध्ये जाणाऱ्या कपड्यांत पाणी जितकं कमी, तितकं बिल कमी.

५ किलो सुती कपडे धुऊन ८०० आरपीएमला पिळले, तर त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं. १४०० आरपीएमला पिळले, तर ते अडीच लिटरच्या आसपास येतं. हे एक लिटर पाणी पिळून काढायला अगदी थोडी वीज लागते, पण उष्णता देऊन उडवायला बरीच जास्त. म्हणून वीज वाचवायची सुरुवात वॉशिंग मशीनच्या स्पिनपासून होते.

ड्रायरचे तीन प्रकार

- व्हेंटेड: हीटर हवा तापवतो आणि दमट गरम हवा पाइपमधून बाहेर सोडली जाते. किंमत कमी, पण ७-८ किलोच्या पूर्ण फेरीला साधारण ४ ते ५ युनिट लागतात. पाइप खिडकीबाहेर काढावाच लागतो, नाहीतर भिंतींना बुरशी धरते.
- कंडेन्सर: वाफेचं पुन्हा पाणी करून ते टाकीत किंवा ड्रेनमध्ये सोडतो. बाहेर पाइप काढावा लागत नाही, पण हवा तापवायला हीटरच असल्याने वीज जवळपास तितकीच लागते.
- हीट पंप: फ्रिज-एसीसारखा कॉम्प्रेसर असतो. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते, ती वाया न घालवता पुन्हा हवा तापवायला वापरली जाते. त्यामुळे तेवढ्याच फेरीला दीड ते दोन युनिट पुरतात. तापमान कमी असल्याने कपडेही जास्त टिकतात. मात्र यंत्र महाग असतं आणि वेळ जास्त, अनेकदा दोन ते तीन तास लागतो.

धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात करणारा वॉशर-ड्रायर जागा वाचवतो. पण त्याची वाळवण्याची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते. ८ किलो धुणारं यंत्र बहुधा ५ किलोच वाळवतं. काही मॉडेल वाळवतानाही पाणी वापरतात.

महाग हीट पंप परवडतो का?

हे तुम्ही वर्षाला किती फेऱ्या करता, यावर ठरतं. समजा, वीज १० रुपये युनिट आहे, व्हेंटेड ड्रायरला फेरीमागे ४ युनिट आणि हीट पंपला १.८ युनिट लागतात, आणि दोघांच्या किमतीत २५ हजारांचा फरक आहे.

- फक्त पावसाळा, वर्षाला ५० फेऱ्या: ११० युनिट, म्हणजे १,१०० रुपये वाचतील. फरक भरून यायला २२ वर्षांहून जास्त लागतील.
- वर्षभर जवळपास रोज, ३०० फेऱ्या: ६६० युनिट, म्हणजे ६,६०० रुपये वाचतील. चार वर्षांच्या आत फरक वसूल होईल.

आपल्या बिलातला दर टाकून हे गणित पुन्हा करा. महावितरणच्या बिलात जास्तीचे युनिट वरच्या स्लॅबच्या दराने लागतात, हेही धरा.

युरोपीय संघाने १ जुलै २०२५ पासून नव्या ड्रायरसाठी इतके कडक निकष लावले आहेत की बाजारात येणारं नवं मॉडेल हीट पंपचंच असावं लागतं. तिथे अनेक घरांत ड्रायर वर्षभर चालतो. आपल्याकडे आठ महिने ऊन फुकट मिळतं.

खरेदीपूर्वी हे तपासा

- फेरीमागे किती युनिट? जुन्या युरोपीय लेबलवर वर्षाचा आकडा असेल, तर त्याला १६० ने भागा. तो १६० फेऱ्यांवरून काढलेला असतो.
- ओलावा ओळखणारा सेन्सर आहे का? नुसता टायमर असेल, तर कपडे वाळल्यावरही यंत्र चालू राहतं.
- हीटरच्या ड्रायरसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आहे का?
- फिल्टर सहज निघतो का? त्यातला धागा-कचरा दर फेरीनंतर काढावा लागतो. तो साचला की वेळ आणि वीज वाढते, शिवाय आगीचा धोकाही असतो.

थोडक्यात

गरज फक्त पावसाळ्यातली असेल, तर आधी स्पिन वाढवा, कपडे दोरीवर सुटे-सुटे टाका आणि पंखा लावा. त्यावर भागत नसेल, तर साधा ड्रायर जाड टॉवेल आणि जीन्सपुरता वापरा. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, बाल्कनी नसेल आणि रोज ड्रायर लावावा लागत असेल, तर हीट पंपचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.