मिरजेची गीता आणि सुटे खिळे : अक्षरांच्या 'डिझाइन सिस्टिम'चा इतिहास

१/ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपासून मिरज अगदी जवळ. १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिकाही एकच. याच मिरजेत १८०५ साली देवनागरी लिपीतील भगवद्गीता छापली गेली. आजच्या 'डिझाइन सिस्टिम'चे मर्म समजून घेण्यास ही गीता उत्तम उदाहरण आहे.

२/ तिची कथा पुण्यात सुरू होते. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने तेथे चित्रकलेची शाळा निघाली. त्या वातावरणात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरणारा तांबट कारागीर तयार झाला. गीता छापण्याचा विचार नाना फडणवीसांचा. पण १८०० साली नाना निवर्तले.

३/ कारागीर मिरजेस आला. गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने काम तडीस गेले. कोरीव काम साधे नव्हते, कारण छाप सुलट उमटावी म्हणून प्रत्येक अक्षर उलट कोरावे लागे.

४/ त्याच वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण छापले गेले. तेथील देवनागरी मात्र सुट्या खिळ्यांची होती. त्या ओतशाळेचा पाया पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने घातला होता.

५/ दोन्ही ठिकाणी कौशल्य होते. फरक रचनेत होता. मिरजेच्या पत्र्यावरचा 'क' त्याच श्लोकाशी कायमचा बांधलेला. श्रीरामपूरचा 'क' आज व्याकरणात, तर उद्या शुभवर्तमानात. पत्र्यातून ग्रंथ मिळतो, खिळ्यांतून ग्रंथ घडवण्याची व्यवस्था मिळते.

६/ आज डिझाइन सिस्टिम उभारून देणाऱ्या संस्था हेच करतात. विखुरलेल्या घटकांची पाहणी, त्यांतील पुनरावृत्ती शोधणे, मोजके प्रमाणित घटक घडवणे, ते जोडण्याचे नियम लिहून देणे. बटणे, रंग, अक्षरे एकदा ठरली, की प्रत्येक पडदा नव्याने 'कोरावा' लागत नाही.

७/ देवनागरीत हे काम विशेष कठीण होते. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. अक्षर मात्रेसह अखंड ओतावे, तर खिळे वाढतात. मात्रा वेगळी ओतून जोडावी, तर खिळे घटतात, पण जुळारीचे कष्ट वाढतात. व्यवस्थेतील काटकसरीची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते.

८/ मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे लहान, रेखीव टाईप घडवले. तेथेच उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःचा टाईप कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. ठसे कोरण्यात राणोजी रावजी आरू यांचा हात सिद्ध होता.

९/ क्रम लक्षणीय आहे : आधी खिळे, मग ग्रंथ. निर्णयसागरचे टाईप इतर छापखान्यांतही गेले. ज्यांच्याकडे कोरीव काम करणारा नव्हता, त्यांनाही नेटके मराठी छापता आले. व्यवस्था बांधून देण्याची सेवा ती हीच.

१०/ म्हणून मिरजेची गीता कमी ठरत नाही. लिपी यंत्रावर उतरू शकते, हे त्या पत्र्यांनी मराठी मुलखात सिद्ध केले. परंतु ते कसब पत्र्यातच थांबले, त्यातून दुसरा ग्रंथ जुळवता येत नव्हता. एका हाताचे कौशल्य दुसऱ्या हाती सुपूर्द करता येते, तेव्हाच त्याची परंपरा होते.