ऐकून घेणे हा उपचाराचाच भाग

चांगल्या डॉक्टरविषयी बोलताना रुग्ण सहसा औषधाचे नाव घेत नाही. ‘त्यांनी नीट ऐकून घेतलं’, ‘रात्री पुन्हा येऊन बघून गेले’, असे सांगतो. त्यावर जाणत्यांचे ठरलेले उत्तर असे : हा स्वभावाचा भाग झाला, रोग बरा होतो तो तपासण्यांनी आणि औषधांनी. गोड तर भोंदूही बोलतो.

हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. आपुलकीने विष उतरत नाही, हे मान्यच आहे. तेव्हा विषाचेच उदाहरण घेऊ.

1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले आणि धडधाकट माणसे दगावत होती. अतिदक्षता विभाग नव्हता, हाताशी यंत्रे नव्हती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. उलट्या, दरदरून घाम, गार पडत जाणारे हातपाय, नाडी, रक्तदाब, शेवटी धाप आणि तोंडाला फेस, हे सारे ते टिपत गेले. त्यातून उलगडले की माणूस वेदनेने मरत नाही. हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी भरते. धोक्याच्या या पूर्वखुणांवरचे त्यांचे पत्र ‘लॅन्सेट’ने 1982 मध्ये छापले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन त्यांनी या रुग्णांना दिले. ती माहिती 1986 मध्ये त्याच नियतकालिकात आली. जीव वाचवले ते औषधानेच. पण ते औषध सुचले ते उशाशी बसल्यामुळे. इथे काळजी आणि विज्ञान वेगळे काढून दाखवावे, असे माझे आव्हान आहे.

एरवीच्या ओपीडीतही हेच दिसते. 1975 मध्ये ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 80 नव्या बाह्यरुग्णांची पाहणी केली. 66 जणांचे अंतिम निदान पाठवणाऱ्या डॉक्टरचे पत्र आणि रुग्णाची हकीकत एवढ्यावरूनच झालेल्या निदानाशी जुळले. आज तपासण्या कितीतरी सुधारल्या आहेत, हे खरे. पण कोणती तपासणी करायची, हेही हकीकतच सांगते. म्हणजे ‘ऐकून घेतलं’ म्हणणारा रुग्ण डॉक्टरच्या निदानकौशल्याचीच साक्ष देत असतो.

आता भोंदूची गोष्ट. तोही ऐकतो, पण त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. रुग्णाने काहीही सांगितले तरी अंगारा तोच. लक्ष देणाऱ्या डॉक्टरचे मत रुग्णाच्या एका वाक्याने बदलू शकते. हा फरक रुग्णालाही कळतो, आणि त्याच्या समजेवर आपण उगाच अविश्वास दाखवतो.

उरतो वेळेचा आक्षेप, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. 67 देशांच्या माहितीवर आधारलेल्या 2017 च्या एका आढाव्यात बांगलादेशात डॉक्टर रुग्णाला सरासरी 48 सेकंद देतात, स्वीडनमध्ये 22.5 मिनिटे, असे आढळले. दारात शंभराची रांग असलेल्या डॉक्टरला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण रांग मोठी आहे म्हणून ऐकण्याची गरज कमी होत नाही. ऐकणे हा उपचार असेल, तर त्याला लागणारी मिनिटे औषधांच्या साठ्याइतक्याच हक्काने मागायला हवीत, आणि आरोग्य केंद्रांतली रिक्त पदे भरणे ही त्या मागणीची पहिली ओळ असायला हवी.