डोंगरावर परतणारे पाणी

भारतातील अपारंपरिक ऊर्जेचा इतिहास बहुधा पवनचक्क्यांच्या आणि सौरपट्ट्यांच्या संख्येतून सांगितला जातो. त्याचा एक दुर्लक्षित अध्याय मात्र तामिळनाडूतील अण्णामलै डोंगरांच्या पोटात घडला.

कोईमतूर जिल्ह्यातील कदंपारै येथे 1987 ते 1989 या काळात भूमिगत वीजगृहात प्रत्येकी 100 मेगावॉटचे चार संच सुरू झाले. हे संच दोन्ही दिशांनी फिरतात. वीज हवी असते तेव्हा वरच्या जलाशयातील पाणी त्यांच्यावरून खाली सोडले जाते. वीज शिल्लक असते तेव्हा तीच खर्चून ते पाणी पुन्हा वर चढवले जाते. या पद्धतीला उदंचन जलविद्युत म्हणतात. तीत खर्ची पडलेल्या विजेचा साधारण चौथा-पाचवा हिस्सा परत मिळत नाही. साठवणुकीची ती किंमतच होय.

गंमत अशी, की असे प्रकल्प सूर्यासाठी किंवा वाऱ्यासाठी आखलेले नव्हते. कोळशाच्या भट्ट्या रोज रात्री विझवता येत नाहीत आणि मध्यरात्रीनंतर मागणी तर ओसरते. ती उरलेली वीज पाण्याच्या रूपाने डोंगरावर ठेवायची, हा मूळ हेतू. पवनऊर्जेचे तेव्हा नुकतेच पाऊल पडले होते. 1986 मध्ये ओखा, रत्नागिरी आणि तुतीकोरिन येथे 55 किलोवॉटची छोटी यंत्रे उभी राहिली होती. पुढे पालघाट खिंडीतून घुसणाऱ्या मोसमी वाऱ्याच्या वाटेवर उडुमलपेटचा परिसर पवनचक्क्यांनी भरून गेला, आणि कोळशासाठी योजलेली युक्ती वाऱ्याच्याही कामाची ठरली.

इतरत्र हे भाग्य लाभले नाही. कृष्णेवरील नागार्जुनसागर येथे 100.8 मेगावॉटचे सात उलटसुलट फिरणारे संच 1980 च्या दशकातच बसले. पण खाली सोडलेले पाणी अडवून धरणारा बंधाराच अनेक दशके पूर्ण झाला नाही. वर चढवायला पाणी नाही, म्हणून ते केवळ साध्या जनित्रांसारखे चालत राहिले. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या 1200 मेगावॉटच्या वीजगृहाचीही हीच कथा. यंत्रे परवडली, बंधारा राहून गेला! ही दिरंगाई तेव्हा फारशी कोणाला बोचली नाही, कारण कोळसा हाताशी होता.

ती बोचू लागली ती सौरवीज स्वस्त झाल्यावर. मे 2018 मध्ये केंद्राने पवन-सौर संकर धोरण जाहीर केले. एकाच जागेत, एकाच पारेषण वाहिनीवर दोन्ही स्रोत आणायचे, असा त्याचा गाभा. विचार निसर्गाला धरून होता: पावसाळ्यात ढग सूर्य झाकतात, तेव्हाच वारा जोर धरतो. तरीही सूर्यास्तानंतर घराघरांत दिवे लागण्याचा प्रहर उघडाच राहत होता, आणि वाऱ्याने त्याच वेळी यावे असा करार कोण करणार?

जानेवारी 2020 मध्ये भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने 1200 मेगावॉटसाठी केलेला लिलाव म्हणूनच महत्त्वाचा. त्यात एरवीच्या विजेचा दर 2.88 रुपये निश्चित होता. बोली लागली ती अधिक मागणीच्या तासांवर. हे दर 6.12 आणि 6.85 रुपये प्रति युनिट ठरले. पहिल्यामागे उदंचन होते, दुसऱ्यामागे बॅटरी. वीज केवळ किती यापेक्षा केव्हा, याला मोल आले.

मे 2022 मध्ये आंध्र प्रदेशातील पिन्नपुरम येथे सौर, पवन आणि उदंचन एकत्र बांधणाऱ्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्यातील उदंचनाची क्षमता 1680 मेगावॉट. येथे पाणी चढवण्याची वेळ मध्यरात्र नव्हे, भर दुपार असते.

जून 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. प्रत्यक्ष विजेत मात्र 2024-25 मध्येही कोळशाचा हिस्सा 70 टक्क्यांहून अधिक होता.