‘सोंगाड्या’पूर्वीचे दादा कोंडके

दादा कोंडके म्हटले की द्व्यर्थी संवाद आणि लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी आठवते. परंतु १९७१ साली ‘सोंगाड्या’ झळकला तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांची घडण रंगभूमीवरच झाली होती.

१९३२ साली मुंबईच्या नायगावात जन्मलेले दादा प्रथम बँडपथकात होते, नंतर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात आले. समाजवादी विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी ही पथके तमाशाचाच साचा वापरीत. वगात संहिता हा निव्वळ सांगाडा. सकाळची बातमी रात्री रंगमंचावर आणणे हे सोंगाड्याचे काम. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात दादांनी तेच केले आणि राज्यकर्त्यांना चिमटे काढीत हजारांहून अधिक प्रयोग रंगवले.

‘सोंगाड्या’चे लेखनही सबनीसांचेच. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने मात्र तो डावलून देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’ला पसंती दिली. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक चित्रपटगृहावर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. सेवा दलात घडलेला हा नट पुढे शिवसेनेच्या व्यासपीठावर दिसू लागला, हा मराठी राजकारणाचाही एक धागा आहे.

त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले. गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. पडद्यावर उत्स्फूर्ततेला वाव नव्हता, त्यामुळे टोला सत्तेपेक्षा शरीरावर अधिक बसू लागला. सेन्सॉरशी झटापटी झाल्या त्या त्यावरूनच. तरीही ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) खाकी गणवेशाची जी खिल्ली उडते, तिच्यामागे ‘विच्छा’तला हवालदार उभा असलेला दिसतो.